कालव ओळखायचं कसं? कातळापासून चिठ्ठीपर्यंत

कराडला प्रीतिसंगमाच्या वाळूत खेळलेल्या पोराला शिंपला वेगळा दाखवावा लागत नाही. अडतं ते कालवापाशी, म्हणजे समुद्रात खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिंपल्यापाशी (इंग्रजीत ऑयस्टर). मी २२ वर्षं कराडात प्राणिशास्त्र शिकवतो. आमच्या विभागाच्या कपाटात एक जुनी बरणी आहे. तिच्यावर ‘ऑस्ट्रिया, रत्नागिरी’ एवढंच लिहिलेलं. ऑस्ट्रिया हे कालवांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव. तारीख नाही, नेमकी जागा नाही, गोळा करणाऱ्याचं नाव नाही. एका सुट्टीत ती बरणी टेबलावर ओतली तेव्हा सहा शिंपले निघाले. तीन कातळावरची कालवं, दोन खाडीतली आणि एक आपल्या कृष्णेतला शिंपला. ऑस्ट्रिया त्यात एकही नव्हतं. मुलांच्या किती तुकड्या त्या बरणीसमोर बसून चित्र काढून, तेच नाव लिहून गेल्या असतील, याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून मी कालवाची ओळख किनाऱ्यापासून चिठ्ठीपर्यंत करून घेतो. ती रीत इथं सविस्तर लिहितो आहे. घाटावर राहून समुद्रातला प्राणी शिकणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

बाहेरचा आकार का फसवतो

कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं. मग टणक जागा शोधतं, डावी झडप (शिंपल्याचा डावा अर्धा भाग) तिथं चिकटवतं आणि आयुष्यभर तिथून हलत नाही. पाय असतो तो बसल्यावर झिजून नाहीसा होतो. त्यामुळे पुढची सगळी वाढ जागा देईल तशी होते. मोकळ्या सपाट दगडावर बसलेलं कालव पसरट आणि गोलसर होतं. तीच जात दाटीत सापडली तर उभी, लांबुळकी वाढते. चिखलात बसलेलं कालव गाळाच्या वर राहायला जिभेसारखं लांबत जातं. खारफुटीच्या मुळावरच्या कालवाला मुळाची गोलाई येते. लाटांचा मारा असेल तर बाहेरच्या पापुद्र्यांच्या कडा झिजून जातात, आडोशाला त्या धारदार राहतात.

म्हणजे एकाच जातीची दोन कालवं दोन वेगळे प्राणी वाटू शकतात आणि दोन जातींची दोन कालवं जुळी वाटू शकतात. गेल्या दोन-अडीच शतकांत कालवांना जी ढीगभर नावं पडली, त्यातली पुष्कळशी याच कारणानं नंतर रद्द झाली. म्हणून माझ्या मुलांना मी पहिल्या तासाला एकच सांगतो: कालव उघडून आतून पाहिल्याशिवाय तोंडातून नाव काढायचं नाही.

किनाऱ्यावर: तोडण्याआधीची कामं

आम्हाला जवळचा किनारा गुहागरचा. कराड, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून पुढे. जाताना बसमध्ये मी एक गोष्ट हमखास दाखवतो. कोयनेचं पाणी फक्त आपल्या प्रीतिसंगमाला येत नाही. धरणात अडवलेलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला जातं, पोफळीकडे वीज तयार करून वाशिष्ठीत उतरतं आणि दाभोळच्या खाडीला मिळतं. तिथल्या खाऱ्या-गोड्या पाण्यात कालवं राहतात. पाटणच्या मुलांना आपल्याच धरणाचं पाणी कालवापर्यंत पोहोचतं हे कळलं की पाण्याच्या खारटपणाची नोंद का घ्यायची, हे वेगळं समजवावं लागत नाही.

दिवस निवडताना पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीचं पाणी सर्वांत खाली जातं आणि कातळाचा खालचा पट्टा उघडा पडतो. कोकण किनाऱ्यावर उधाणाची ही ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी लागते. त्यामुळे कराडहून सकाळी निघून दुपारी पोहोचलात तर भर भरती बघून परत यावं लागेल. आदल्या रात्री मुक्कामी जा. भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत ठेवा आणि पाणी उतरत असतानाच कामाला लागा. पाणी चढायला लागलं की निघायचं, यात वाटाघाट नाही.

मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या संरक्षित भागात वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका. इतर ठिकाणीही कातळावर कालवं काढणाऱ्या बायका असतात, त्यांना आधी विचारा. त्यांचं पोट त्यावर आहे. शिवाय कुठल्या खडकावर ‘कातळाची’ मिळतात आणि कुठल्या वळणावर ‘खाडीची’, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मावशी म्हणून विचारलंत तर हातातलं काम थांबवून दाखवतात. आमच्या मुलांना निम्मा धडा तिथंच मिळतो.

आता नोंदी. तोडण्याआधी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. वहीत लिहा: तारीख, गावाचं नाव, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, ओहोटीची वेळ, कालव भरतीरेषेपासून साधारण किती खाली आहे, कशावर बसलं आहे (कातळ, दगड, तिवराचं मूळ, जेटीचा खांब), एकटं की दाटीत, आणि पाणी किती खारट. खारटपणा मोजायचं उपकरण नसेल तर निदान ‘उघडा समुद्र’, ‘खाडीचं तोंड’, ‘खाडीत आत’ असं तरी लिहा. ही चार ओळींची नोंद नसेल तर नमुना कितीही सुंदर असला तरी तो आमच्या त्या बरणीसारखाच मुका राहतो.

हातमोजे जाड घाला. कालवाची कड ब्लेडसारखी लागते आणि जखम चिघळते. जाड पेचकस आणि छोटा हातोडा पुरतो. पेचकस खालच्या झडपेखाली, कातळाला चिकटून घाला. वरची झडप उचकटून खालची तिथंच सोडली तर अर्धा पुरावा कातळावर राहतो. एका ठिकाणाहून दहा-पंधरा नमुने घ्या, लहान-मोठे मिसळून. प्रत्येकाची वेगळी पिशवी, आणि पिशवीत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई ओल्यात आणि अल्कोहोलमध्ये पसरते.

मुळात हे कालव आहे का?

घाटावरच्या मुलांची पहिली चूक इथं होते, कारण ती कृष्णेतल्या शिंपल्यापासून सुरुवात करतात. नदीतला शिंपला, बहुतेक वेळा लॅमेलिडेन्स, मोकळा राहतो आणि पाय वापरून वाळूत सरकतो. त्याच्या दोन्ही झडपा एकमेकींचं प्रतिबिंब असतात आणि आतला थर मोत्यासारखा चकाकतो. त्याची पिल्लं माशांच्या कल्ल्यांना चिकटून काही दिवस काढतात. कालवात यातलं काहीच नाही. दोन झडपा असमान, खालची वाटीसारखी, वरची झाकणासारखी. आतून पांढरं चिनीमातीसारखं, मोत्याची झळाळी नाही. बिजागरीला दात नाहीत.

दुसरा गोंधळ नावातून होतो. ज्यातून मोती निघतात ते ‘मोती कालव’, पिंक्टाडा, नावानं कालव असलं तरी खऱ्या कालवांच्या कुळातलं नाही. ते स्वतःला चिकटवत नाही, दोऱ्यांसारख्या तंतूंनी बांधून घेतं. त्याची बिजागरी सरळ रेषेत असते आणि आतला थर झळझळीत. खिडक्यांच्या तावदानांत पूर्वी बसवत तो पातळ, पारदर्शक शिंपला, प्लॅक्युना, याला इंग्रजीत कालवाचं नाव असलं तरी तो तर गणानंच वेगळा आहे. तो वन्यजीव संरक्षण कायद्यातला प्राणी आहे, उचलू नका.

आणखी एक सारखा दिसणारा नातेवाईक म्हणजे हायोटिसा. हाही सिमेंट केल्यासारखा चिकटतो, पण त्याच्या स्नायूची खूण गोल असते. तुटलेली कड भिंगाखाली धरली तर शिंपल्यात पावाच्या तुकड्यासारखे बारीक पोकळ बुडबुडे दिसतात. खऱ्या कालवांत, म्हणजे ऑस्ट्रीइडी कुळात, ती खूण वालाच्या दाण्यासारखी किंवा अर्धचंद्राकार असते आणि बुडबुडे नसतात.

मांस आधी, शिंपला नंतर

घाईत मुलं आधी कालव उकळतात, झडपा आपोआप उघडतात म्हणून. उकळलेल्या किंवा फॉर्मलिनमध्ये टाकलेल्या मांसातून डीएनए नीट मिळत नाही. म्हणून कालव जिवंत असतानाच बोथट सुरीनं बिजागरीपासून उघडा. बंद करणाऱ्या स्नायूचा मुगाएवढा तुकडा कापा आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, शिंपल्याचाच क्रमांक देऊन. पोटाचा भाग घेऊ नका. त्यात कालवानं खाल्लेल्या शेवाळाचा डीएनए असतो.

उघडं कालव हातात आहे तोवर एक तपासणी करून घ्या, नंतर ती करता येत नाही. वरची, म्हणजे उजवी झडप काढून प्रावाराचा, म्हणजे अंग झाकणारा, पातळ पडदा हळूच उचला. उजव्या बाजूला, पोट आणि स्नायू यांच्यामध्ये बोथट सुई आरपार शिरेल अशी वाट आहे का पहा. तिला प्रोमायल मार्ग म्हणतात. मॅगालाना, क्रॅसोस्ट्रिया आणि सॅकोस्ट्रिया या कालवांच्या गटांत ती असते, ऑस्ट्रियात नसते. ऑस्ट्रियाची मादी आपली पिल्लं काही दिवस आतच वाढवते. त्यामुळे हंगामात तिच्या पडद्यांमध्ये राखाडी किंवा पांढरा बारीक रवा सापडतो. बाकीच्या तिघी अंडी थेट पाण्यात सोडतात. आमच्या बरणीवरचं ‘ऑस्ट्रिया’ या एका तपासणीनं जन्मतःच खोडलं गेलं असतं.

लिंग मात्र ओळखीला उपयोगी नाही. कालवं आयुष्यात नर-मादी बदलतात.

शिंपले स्वच्छ करताना पाणी आणि टूथब्रश, एवढंच. फरशी साफ करायचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर लावलंत तर शिंपला चुन्याचाच असल्यामुळे आधी त्या खुणा विरघळतील ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. सुकल्यावर दोन्ही झडपा एकाच क्रमांकानं एकत्र ठेवा.

शिंपला आतून वाचायचा

खालची खोल झडप डावी, वरची सपाट झडप उजवी. बिजागरी आपल्यापासून दूर, वरच्या बाजूला धरा. बिजागरीपासून समोरच्या कडेपर्यंत उंची, तिला आडवी ती लांबी. बाजारात मासे घेताना आपण ज्याला लांबी म्हणू ती इथं उंची आहे, म्हणून मुलांच्या वहीत आकडे उलटे पडतात. व्हर्नियरनं मोजा आणि खालच्या झडपेची खोलीही घ्या.

मग टेबलावरचा दिवा एका बाजूनं तिरपा पाडा, दहापट भिंग घ्या आणि कडेकडेनं चला. काही कालवांच्या वरच्या झडपेच्या कडेला आतून बारीक दाणे असतात आणि खालच्या झडपेवर त्याच जागी ते बसतील असे खळगे. यांना कोमाटा म्हणतात. नख फिरवलंत तर कंगव्याच्या दात्यांवरून गेल्यासारखं खरखरतं. हीच सगळ्यात मोलाची खूण. ते पूर्ण कडेनं आहेत, फक्त बिजागरीजवळ आहेत, की मुळीच नाहीत, हे प्रत्येक नमुन्यासाठी लिहा. वयस्क शिंपल्यात बिजागरीपासून दूरचे दाणे झिजलेले असतात, म्हणून ‘नाहीत’ असं लिहिण्याआधी त्याच ठिकाणचे लहान नमुनेही बघा. जास्त नमुने आणायचे ते यासाठीच.

त्यानंतर स्नायूची खूण: आकार, जागा, रंग. मग खालच्या झडपेच्या बिजागरीखाली आत शिरणारी पोकळी आहे का, किती खोल आहे. शेवटी आतल्या कडेचा रंग. रंगाला मी सगळ्यात कमी किंमत देतो. तो बदलतो आणि जुन्या शिंपल्यात उडतो, पण इतर खुणांशी जुळला तर आधार देतो.

कोकणात हाती लागणारी कालवं

बहुतेक वेळा पहिलं हाताला लागतं ते कातळाचं कालव, सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. उघड्या किनाऱ्याच्या खडकावर, ओहोटीला बराच वेळ कोरड्या राहणाऱ्या पट्ट्यात त्याची दाटी असते. खालची झडप खोल वाटीसारखी, वरची झाकणासारखी. दोघींच्या कडा नागमोडी, एकमेकींत घट्ट अडकणाऱ्या. कोमाटा साधारण पूर्ण कडेनं, बिजागरीखालची पोकळी खोल, आतून पांढरं आणि कडेला जांभळट-काळी किनार. कुकुलाटा म्हणजे टोपडं घातलेली. बिजागरीखालची ती पोकळी पाहिली की हे नाव विसरत नाही.

खाडीत शिरलात की मॅगालाना सुरू होतात. त्यांच्या सगळ्या जातींत कोमाटा नसतात, कड गुळगुळीत. इथं स्नायूची खूण बोलते. मॅगालाना बिलिनिएटा या जातीत ती वालाच्या दाण्यासारखी आणि गडद जांभळी असते, शिंपला लांबुळका, बाहेरून पापुद्र्यांचा. तुम्हाला जुन्या पुस्तकांत आणि मत्स्यपालनाच्या पुस्तिकांत हीच क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणून भेटेल. पूर्व किनाऱ्यावर आणि केरळच्या कायलांमध्ये (बॅकवॉटरमध्ये) हिचा सुकाळ आहे.

मॅगालाना ग्रिफॉइडिस ही आपल्या बाजूची: महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकाच्या चिखलट खाड्यांतली. शिंपला जाड, लांब, हातात जड लागतो. बिजागरीचा भाग मोठा, मधोमध खोल खाच आणि दोन्ही बाजूंना उंचवटे. स्नायूची खूण रुंद, मोतिया पांढरी. या जातीचं नाव आधी जीवाश्माला दिलेलं होतं. लाखो वर्षांपूर्वीच्या मायोसीन काळातलं हे कालव आजही समुद्रात जिवंत आहे, असं न्यूटन आणि स्मिथ या दोघांनी १९१२ साली मांडलं. मला ही गोष्ट वर्गात सांगताना दरवेळी नवी वाटते.

चौथं, ज्याला आपल्याकडे क्रॅसोस्ट्रिया रिव्ह्युलॅरिस म्हणतात, ते मोठं, गोलसर, उथळ असतं. वरची झडप खालच्या झडपेएवढी किंवा थोडी मोठीच, खूण धुरकट पांढरी. या नावाखाली आशियात निरनिराळे प्राणी घातले गेले आहेत. त्यामुळे हे नाव डीएनएच्या आधाराशिवाय लिहू नका, असं मी मुलांना बजावतो.

कोमाटा फक्त बिजागरीजवळ असतील आणि प्रोमायल मार्ग नसेल, तर मात्र ऑस्ट्रियाच्या दिशेनं शोध घ्या. कडा मोठ्या करवती दात्यांसारख्या, कोंबड्याच्या तुऱ्यागत असतील तर लोफा.

डीएनएचा आधार, त्याच्या मर्यादेसह

कातळाच्या कालवाचं प्रकरण खुणांवर सुटत नाही. बॉर्न या अभ्यासकानं १७७८ साली ज्या नमुन्यावरून ही जात मांडली, तिचं मूळ ठिकाण अटलांटिकमधलं असेन्शन बेट आहे. पुढे हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या अशाच दिसणाऱ्या कालवांना तेच नाव मिळालं. २००६ मध्ये लॅम आणि मॉर्टन यांनी त्यांच्या माइटोकाँड्रियातल्या १६एस जनुकाची तुलना केली तेव्हा एका नावाखाली अनेक वेगळ्या शाखा निघाल्या.

म्हणून शक्य असेल तर स्नायूचा तो तुकडा प्रयोगशाळेत पाठवा. पीसीआर करून (म्हणजे डीएनएच्या हव्या त्या भागाच्या पुष्कळ प्रती काढून) १६एस आणि सीओआय या दोन जनुकांचे भाग वाचून घ्या. सीओआयचा नेहमीचा तुकडा साधारण ६५८ अक्षरांचा असतो. आलेली अक्षरमाला जेनबँक या डीएनएच्या जाहीर संग्रहातल्या नोंदींशी ताडून पहा. इथं मुलं थबकतात, कारण पडद्यावर ‘९९ टक्के जुळतं’ असं येतं आणि पुढे नाव असतं. ते नाव त्या नोंदवणाऱ्यानं ठरवलेलं आहे. त्यानं बाहेरचा आकार बघून ठरवलं असेल तर त्याची चूक तुमच्या वहीत येते. जुळणाऱ्या पहिल्या दहा-वीस नोंदी बघा. त्या कुठल्या देशातल्या, त्यांच्यामागे संग्रहालयात ठेवलेला नमुना आहे का, आणि सगळ्या एकच नाव सांगतात का. आणि ती अक्षरमाला तुमच्या कोमाटा-स्नायू-पोकळीच्या नोंदींशी जुळते का, हे सर्वांत महत्त्वाचं. दोन्ही पुरावे भांडत असतील तर नमुना पुन्हा काढा, नाव पुढे ढकला.

वर्गीकरण मांडणं आणि नाव लिहिणं

आधी शब्द. वर्तमानपत्रांत हल्ली सरसकट ‘प्रजाती’ लिहितात, पण आपल्या मराठी जीवशास्त्रात प्रजाती हा वरचा गट आणि जाती त्याच्या आतला. सॅकोस्ट्रिया ही प्रजाती, कुकुलाटा ही जात. हा फरक वहीत तरी सांभाळा, नाहीतर पुढची उतरंड कोसळते.

उतरंड अशी: मृदुकाय संघ, द्विपुट वर्ग, ऑस्ट्रीइडा गण, ऑस्ट्रीइडी कुल, सॅकोस्ट्रिया प्रजाती. नाव लिहिताना शेवटी कर्ता आणि वर्ष येतं: सॅकोस्ट्रिया कुकुलाटा (बॉर्न, १७७८). कंस शोभेचा नाही. बॉर्ननं ही जात ऑस्ट्रिया या प्रजातीत घातली होती, पुढे ती सॅकोस्ट्रियात हलवली, हे तो कंस सांगतो. प्रजाती बदलली नसती तर कंस आला नसता.

क्रॅसोस्ट्रिया की मॅगालाना, हाही प्रश्न येईल. हिंदी-प्रशांत महासागरातल्या क्रॅसोस्ट्रियांचा वंश अटलांटिकमधल्यांपेक्षा वेगळा आहे, असं डीएनएवरून दाखवून साल्व्ही आणि मारिओत्तीनी यांनी २०१७ मध्ये मॅगालाना ही प्रजाती वेगळी केली. सगळ्यांनी ती मानलेली नाही. मी मॅगालाना लिहितो आणि पुढे जुनं नाव देतो, म्हणजे जुनी पुस्तकं वाचणाऱ्याचा रस्ता तुटत नाही. आजचं मान्य नाव कोणतं, हे लिहिण्याच्या दिवशी वर्म्स या सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत पाहून घ्या.

खात्री जिथपर्यंत, नाव तिथपर्यंतच. प्रजाती पक्की पण जात नाही, तर ‘सॅकोस्ट्रिया एसपी.’ लिहा. जात जवळपास जुळते पण शंका आहे, तर ‘सॅकोस्ट्रिया सीएफ. कुकुलाटा’. आपल्या किनाऱ्यावरच्या कातळाच्या कालवाला डीएनएशिवाय मी आज हेच दुसरं नाव देतो. मुलांना वाटतं अर्धवट नावानं गुण कापले जातील. माझ्याकडे पूर्ण गुण त्यालाच मिळतात, कारणं सोबत असतील तर. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अडलेले नमुने तिथल्या संग्रहाशी ताडून बघण्यासाठी आधी पत्र लिहून विचारा.

शेवटची चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलीनं: नाव, कुणी ओळखलं आणि कधी, कशावरून (कोमाटा, स्नायूची खूण, मार्ग, डीएनए), कुठून आणि केव्हा गोळा केलं, मांसाचा तुकडा कुठल्या क्रमांकानं ठेवला. जुन्या बरणीवर काम करत असाल तर आधीची चुकीची चिठ्ठी काढून टाकू नका. ती आत तशीच ठेवून नवी तिच्या शेजारी घाला. आमच्या बरणीतली सहाही आता वेगवेगळ्या डब्यांत आहेत. पाच डब्यांवर ‘ठिकाण: रत्नागिरी (जुन्या चिठ्ठीवरून), तारीख अज्ञात’ असं लिहिलं आहे. सहाव्यावर लॅमेलिडेन्स एसपी., आणि ठिकाणाची जागा कोरी.